फोनवरचा अभ्यास आणि ‘समजलं’ असे वाटणे

सत्र परीक्षेचे वेळापत्रक लागले की कोणत्याही महाविद्यालयाच्या अभ्यासिकेत एक चक्कर मारून यावी. टेबलांवर पुस्तके थोडी आणि फोन जास्त दिसतात. कुणी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेली नोट्सची पीडीएफ दोन बोटांनी मोठी करून वाचत असते. कुणी कानात इअरफोन घालून यूट्यूबवरचा ‘वन शॉट’, म्हणजे अख्खे युनिट एका बैठकीत संपवणारा व्हिडिओ, दुप्पट वेगाने पाहत असते. कुणी गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेचा फोटो काढून चॅटजीपीटीपुढे ठेवते आणि आलेले उत्तर वाचून मान डोलावते. संध्याकाळी ही मुले उठतात तेव्हा बऱ्याच जणांना मनापासून वाटत असते की आज अभ्यास झाला. पेपर मात्र कोऱ्या उत्तरपत्रिकेवर पेनाने लिहायचा असतो आणि तेव्हा फोन वर्गाबाहेर दप्तरात असतो.

घरोघरी याच विषयावरून खटके उडतात. ‘‘सारखा तो फोन!’’ ही तक्रार आणि ‘‘आई, अभ्यासच करतेय गं’’ हे उत्तर. दोघीही खरे बोलत असतात, ही त्यातली अडचण. पूर्वी मूल पुस्तक घेऊन बसले आहे की कट्ट्यावर आहे हे लांबूनही कळायचे. आता अर्थशास्त्राची पीडीएफ आणि रील्स, दोन्ही बघणारे मूल लांबून सारखेच दिसते. मुलींच्या वाट्याला तर या संशयाचा जाच अधिक येतो. कित्येक घरांत ‘फोन काढून घेऊ’ या धमकीचा अर्थ ‘शिक्षण थांबवू’ असाच होतो, कारण वह्या, पुस्तके, परिपत्रके, परीक्षेचा अर्ज, निकाल, सगळे त्याच फोनमध्ये असते.

या विषयावर बोलताना आपण पटकन दोन टोकांना जातो. एका टोकाला ‘फोनने मेंदू पोखरला’ आणि दुसऱ्या टोकाला ‘आता ज्ञान प्रत्येकाच्या खिशात आले’. गेल्या दहा-पंधरा वर्षांत विद्यापीठीय विद्यार्थ्यांवर झालेले प्रयोग यातले काहीच ठामपणे म्हणत नाहीत. त्यांतून दिसणारी गोष्ट अधिक बारीक आहे आणि माझ्या मते अधिक उपयोगाची. पडद्यावर शिकताना आपल्याला किती समजले याचा आपला स्वतःचाच अंदाज चुकतो.

त्याकडे वळण्याआधी आपल्या परिस्थितीविषयी थोडे. यातले बरेचसे संशोधन अमेरिका-युरोपातील आहे आणि तिथल्या विद्यापीठात ‘उपकरण’ म्हटले की लॅपटॉप डोळ्यांपुढे येतो. आपल्याकडे तसे नाही. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात देशातील जेमतेम १०.७ टक्के घरांत संगणक आढळला होता. ग्रामीण भागात हे प्रमाण ४.४ टक्के होते. त्याआधीच, २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आले आणि डेटा स्वस्त झाला. संगणकाचा टप्पा ओलांडून देश थेट स्मार्टफोनवर पोहोचला. २०२५ च्या सुरुवातीला झालेल्या सरकारी सर्वेक्षणात ८५.५ टक्के घरांत किमान एक स्मार्टफोन होता. उच्च शिक्षणात २०२१-२२ मध्ये ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी होते आणि विद्यार्थिसंख्येत महाराष्ट्र उत्तर प्रदेशाच्या खालोखाल. यातल्या बहुसंख्यांचे ‘शैक्षणिक उपकरण’ म्हणजे सहा-साडेसहा इंचांचा फोन आणि रोजचा दीड-दोन जीबी डेटा. तिथेही ‘घरात एक फोन’ याचा अर्थ ‘प्रत्येकाला एक फोन’ असा होत नाही.

आता वहीकडे येऊ. २०१४ मध्ये पाम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर यांचा एक शोधनिबंध बराच गाजला. प्रिन्स्टन आणि लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील विद्यार्थ्यांना व्याख्याने दाखवून काहींना लॅपटॉपवर, तर काहींना हाताने टिपणे काढायला सांगितली होती. लॅपटॉपवाल्यांनी जास्त शब्द टिपले, पण संकल्पनांवरच्या प्रश्नांत ते मागे पडले. स्पष्टीकरण असे होते की हात कीबोर्डइतका वेगाने चालत नाही, म्हणून लिहिणाऱ्याला काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे ठरवावे लागते आणि त्या ठरवण्यातच शिकणे होते. त्यानंतर ‘हातानेच लिहा’ असे लेख जगभर छापून आले. ते अजूनही समाजमाध्यमांवर फिरतात. मात्र २०२१ मध्ये टफ्ट्स विद्यापीठात हाच प्रयोग पुन्हा केला गेला. लॅपटॉपवर शब्दशः उतरवून घेण्याचे प्रमाण तिथेही जास्त निघाले, पण परीक्षेतल्या गुणांत म्हणण्याजोगा फरक पडला नाही. फिरत्या लेखांत हा दुसरा भाग सहसा नसतो.

म्हणजे पेनात जादू नाही. हे आपल्याला खरे तर वेगळे सांगायला नको. आपल्या कित्येक वर्गांत अजूनही प्राध्यापक नोट्स ‘सांगतात’ आणि मुले मान खाली घालून स्वल्पविरामासकट त्या उतरवून घेतात. हाताने लिहिलेल्या अशा शंभर पानांत विद्यार्थ्याचा स्वतःचा निर्णय एका ओळीइतकाही नसतो. त्याची पुढची पायरी म्हणजे तास संपताना फळ्याचा किंवा पीपीटीचा काढलेला फोटो. फेअरफिल्ड विद्यापीठातील लिंडा हेन्केल यांनी संग्रहालय पाहायला नेलेल्या विद्यार्थ्यांवर एक छोटा प्रयोग केला होता. त्यांनी ज्या वस्तूंचे फोटो काढले, त्या त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. गंमत पुढे आहे. ज्यांना वस्तूचा एखादा भाग जवळ घेऊन, झूम करून फोटो काढायला सांगितले होते, त्यांची आठवण घसरली नाही. कॅमेरा दोन्ही वेळी तोच होता. दुसऱ्या वेळी त्या भागाकडे नीट पाहावे लागले, एवढाच काय तो फरक.

वाचनाचे काय? इथे पुरावा बराच भक्कम आहे. स्पेन आणि इस्रायलच्या संशोधकांनी २०१८ मध्ये २००० ते २०१७ या काळातील ५४ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांत एकूण १ लाख ७० हजारांहून अधिक वाचक होते. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना थोडा अधिक समजतो, असा निष्कर्ष निघाला. कथा-कादंबरीच्या बाबतीत तसा फरक आढळला नाही. वेळेचे बंधन असले की कागदाचा फायदा अधिक दिसतो, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री वेळेचे बंधन कुणाला नसते! फरक लहान आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण संशोधकांची अपेक्षा अशी होती की नवी पिढी पडद्याला सरावेल तसा तो कमी होत जाईल. प्रत्यक्षात या सतरा वर्षांत तो वाढत गेलेला दिसला. ‘आजची मुले जन्मतःच डिजिटल आहेत, त्यांना काही अडचण नाही’ हे विधान सभा-संमेलनांत ऐकले की मला हा आलेख आठवतो.

असे का व्हावे? याचा एक धागा रकेफेत ॲकरमन आणि मॉरिस गोल्डस्मिथ यांच्या २०११ च्या प्रयोगात सापडतो. विद्यार्थ्यांना तेवढाच, ठरावीक वेळ दिला तेव्हा पडद्यावर वाचणारे आणि कागदावर वाचणारे यांना जवळपास सारखेच गुण मिळाले. ‘तुम्हाला पुरेसे वाटेल तेव्हा थांबा’ असे सांगितले तेव्हा मात्र पडद्यावर वाचणारे मागे पडले. पडद्यावरची अक्षरे डोक्यात शिरत नाहीत, असे नव्हे. तिथे ‘झालं, कळलं’ असे लवकर वाटते आणि आपल्याला किती गुण पडतील याचा अंदाजही वाजवीपेक्षा जास्त असतो. फोनवर आपण एरवी जे वाचतो ते बहुतेक चाळायचेच असते: मेसेज, बातमीचे मथळे, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा. तीच सवय आपण नकळत राज्यशास्त्राच्या नोट्सलाही लावतो, असे अनेक अभ्यासकांना वाटते.

दुप्पट वेगाच्या व्हिडिओची गोष्ट याहून मजेशीर आहे, कारण इथे ज्येष्ठांचा अंदाज चुकतो. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २०२१ मध्ये हे तपासले गेले. साधारण पंधरा मिनिटांची व्याख्याने दीडपट आणि दुप्पट वेगाने पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना, नेहमीच्या वेगाने पाहणाऱ्यांइतकेच जवळपास समजले. अडीचपट वेगाला मात्र घसरण झाली. एकदा सावकाश पाहण्याऐवजी एकदा दुप्पट वेगाने आणि परीक्षेच्या अगदी आधी पुन्हा एकदा दुप्पट वेगाने, असे दोनदा पाहणाऱ्यांना तर अधिक गुण मिळाले. तेव्हा ‘टू एक्स’वर पाहणाऱ्या मुलाला लगेच रागावू नये. अर्थात ती व्याख्याने छोटी होती आणि त्यांच्याच भाषेत होती. ज्या मुलीचे बारावीपर्यंतचे शिक्षण मराठीतून झाले आहे, ती हिंदी-इंग्रजी मिसळून बोलणाऱ्या शिक्षकाचा दोन तासांचा ‘वन शॉट’ दुप्पट वेगाने पाहते, तेव्हा तिलाही हाच निष्कर्ष जसाच्या तसा लागू करणे धाडसाचे ठरेल.

स्मरणाच्या अभ्यासातला सर्वांत ठोस म्हणावा असा निष्कर्ष मात्र फोनच्या आधीपासूनचा आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये तो नेटकेपणाने दाखवला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा दोनदा वाचला. दुसऱ्या गटाने एकदा वाचला आणि नंतर तो मिटून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटे झाले. दोनदा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के मजकूर आठवला आणि स्वतःला तपासणाऱ्यांना ५६ टक्के. याच्याच जोडीच्या प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या गटाला आपल्याला जास्त लक्षात राहील याची खात्रीही अधिक होती! वाचत राहिले की मजकूर ओळखीचा होतो आणि ओळखीचे वाटणे हे येत असण्यासारखे भासते. आठवून लिहायला बसले की काय येत नाही ते उघडे पडते. ते त्रासदायक असते, म्हणून आपण ते टाळतो.

फोनचा तोटा मला इथे दिसतो. तो आपल्याला पुन्हा पाहायला, पुढे सरकवायला, साठवून ठेवायला सतत सोपे करून देतो, आणि ‘आता बंद कर आणि सांग बघू’ असे आपणहून क्वचितच म्हणतो. पीडीएफ डाउनलोड झाली की अर्धा अभ्यास झाल्यासारखे वाटते. टेलिग्रामवर साठवलेल्या ‘मोस्ट आयएमपी’ प्रश्नांच्या फायलींचे तसेच. खरे तर हे काम याच फोनला सांगता येते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८९ ची. नोकरी-शेती सांभाळून एकट्याने शिकणाऱ्यांसाठी असलेल्या या पद्धतीच्या पुस्तकांत मजकुराबरोबर स्वतःला तपासायचे प्रश्नही दिलेले असतात. समोर शिक्षक नाही, तेव्हा थांबवणारे कुणीतरी हवे, हा त्यामागचा साधा विचार. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफमधून नेमका तोच भाग गळून गेलेला असतो.

आता चॅटजीपीटीसारख्या साधनांनी हा प्रश्न आणखी धारदार केला आहे. तुर्कस्तानात सुमारे हजार विद्यार्थ्यांवर गणिताच्या तासांना झालेला प्रयोग पाहण्यासारखा आहे. ते विद्यापीठातले नव्हते, माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांतले होते, पण मुद्दा तोच आहे. सरावाच्या वेळी साधा चॅटबॉट वापरणाऱ्यांनी ४८ टक्के सरस कामगिरी केली. मग चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा ज्यांना तो कधी मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षा ही मुले १७ टक्क्यांनी मागे पडली. आणि आपले नुकसान झाले आहे, असे त्यांना वाटत नव्हते. तिसऱ्या गटाला त्याच तंत्रज्ञानाचा असा अवतार दिला होता की तो थेट उत्तर देत नसे, शिक्षकांनी ठरवून दिल्याप्रमाणे इशारे देई. त्यांचे असे नुकसान झाले नाही. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या १९४ विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात तर प्राध्यापकांनी काळजीपूर्वक घडवलेल्या अशा शिकवणाऱ्या बॉटकडून मुले वर्गापेक्षा कमी वेळात जास्त शिकली. एकाच यंत्राची ही दोन रूपे आहेत. फरक कुठे पडला तर यंत्र विद्यार्थ्याकडून विचार करवून घेते की त्याच्यासाठी विचार करून टाकते, इथे. आपल्या मुलांच्या हातात बहुतांशी पहिला, मोकळा अवतार आहे. सबमिशनची तारीख उद्याची असताना त्याच्याकडे इशारा मागणारा विद्यार्थी विरळाच.

टेबलावर ठेवलेल्या फोनविषयीही एक दावा नेहमी ऐकू येतो. २०१७ मध्ये टेक्सस विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले होते की फोन आवाज बंद करून नुसता समोर ठेवला, तरी बुद्धीला ताण देणाऱ्या चाचण्यांत माणसे कमी पडतात. ज्यांचे फोन दुसऱ्या खोलीत होते त्यांची कामगिरी सर्वांत चांगली होती. नंतर इतरांनी केलेल्या काही प्रयोगांत हा परिणाम सापडला नाही, त्यामुळे ‘नुसत्या असण्याने’ होणाऱ्या नुकसानाबद्दल फार छातीठोक बोलू नये. फोन वाजला, पाहिला, उत्तर दिले, यातून होणारे नुकसान मात्र वादातीत आहे आणि ते शेजाऱ्यालाही भोगावे लागते. कॅनडातील २०१३ च्या एका प्रयोगात वर्गात लॅपटॉपवर भलतेच काही पाहणाऱ्यांचे गुण तर घटलेच, पण ज्यांना तो पडदा दिसत होता अशा मागच्या बाकांवरच्यांचेही घटले.

आरोग्याबद्दल पालक सर्वांत जास्त विचारतात, म्हणून थोडक्यात. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी मिटतात, फोन पुस्तकापेक्षा जवळ धरला जातो, आणि डोळे कोरडे पडणे, चुरचुरणे, डोके जड होणे हे त्यातून येते. दर वीस मिनिटांनी मान वर करून वीसेक फूट दूर काही क्षण पाहावे, हा नेत्रतज्ज्ञांचा सल्ला फुकट आहे आणि बरा आहे. चष्म्याच्या दुकानात विकल्या जाणाऱ्या ‘ब्लू कट’ काचांवर मात्र ज्यादा पैसे घालण्याआधी विचार करावा. कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये १७ चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा डोळ्यांचा ताण कमी होण्यासाठी त्यांचा अल्पकाळात विशेष उपयोग होत असल्याचे दिसले नाही. झोपेचे गणित थोडे वेगळे आहे. झोपण्यापूर्वी उजळ पडद्यावर वाचल्याने मेलॅटोनिन हे झोपेशी निगडित संप्रेरक कमी होते, हे २०१५ मध्ये बारा जणांवरच्या एका काटेकोर अभ्यासात दिसले. झोप लागायला सरासरी दहाएक मिनिटे उशीर झाला. खरे सांगायचे तर दहा मिनिटांनी आभाळ कोसळत नाही. पीडीएफ बंद केल्यावर त्याच फोनवर जो दीड तास जातो, त्याचा हिशेब मोठा आहे. आणि दिवसभर वाचलेले मेंदूत पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेतच चालते.

मग करायचे काय? ‘फोन बाजूला ठेव’ हा सल्ला ज्याच्याकडे लॅपटॉप आहे, घरी पुस्तकांचे कपाट आहे, त्याला देणे सोपे आहे. ज्याचे ग्रंथालयच फोनमध्ये आहे, त्याला तो कसा देणार? तिथे आपण विद्यार्थ्याच्या मनोनिग्रहावर सगळा भार टाकून मोकळे होतो. सरकारने २०१७ मध्ये ‘स्वयम्’ हे अभ्यासक्रमांचे व्यासपीठ सुरू केले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तिथून पूर्ण करता येतात. म्हणजे पडद्यावर शिकणे आता अधिकृत आहे. अधिकृत आहे तर ते नीट व्हावे, याची जबाबदारीही संस्थांवर येते.

यातल्या काही गोष्टींना फार खर्च नाही. प्राध्यापकांनी ग्रुपवर पीडीएफ टाकताना शेवटी पाच प्रश्न टाकावेत आणि उत्तरे दुसऱ्या दिवशी पाठवावीत. तासाच्या शेवटची पाच मिनिटे वही मिटून ‘आज काय झाले’ हे लिहायला द्यावीत. नोट्स तीनशे पानांच्या असतील तर त्यांतला कठीण भाग तरी कागदावर मिळावा. महाविद्यालयाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात सगळ्या विषयांच्या प्रती काढायला जे पैसे लागतात, ते महिन्याच्या रिचार्जपेक्षा जास्त होतात आणि निवड फोनच्या बाजूने होते, हे प्राचार्यांना ठाऊक नाही असे नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात ऑनलाइन बहुपर्यायी परीक्षा संपून पुन्हा लेखी पेपर सुरू झाले, तेव्हा लिहिण्याचा सराव गेला म्हणून राज्यातल्या विद्यार्थ्यांना वाढीव वेळ द्यावा लागला होता. तो सराव परत आणण्यासाठी नंतर वर्गात काय केले, हे प्रत्येक विभागाने स्वतःला विचारून पाहायला हरकत नाही.

आणि ग्रंथालयाची वेळ. तालुक्याच्या ठिकाणी अनेक महाविद्यालयांत तास दुपारी संपतात, ग्रंथालय पाचच्या सुमारास बंद होते आणि पास काढलेल्या मुलींची गावाकडची एसटी त्यानंतर कधीतरी असते. तो वेळ त्या स्थानकाच्या बाकावर, हातात फोन घेऊन काढतात. तेवढा वेळ ग्रंथालयाचे दार उघडे राहिले आणि आत संदर्भग्रंथ टेबलावर मिळाले, तर फोन ठेवून द्यायला त्यांना कुणी सांगावे लागेल असे मला वाटत नाही.